प्रॉव्हर्ब आणि ॲडेज

कोशांत शेजारीं शेजारीं बसविलेले पर्यायशब्द व्यवहारांतहि एकाच पंक्तीस बसतात असें नाहीं. इंग्रजी भाषेंतील 'प्रॉव्हर्ब' आणि 'ॲडेज' या दोन शब्दांची गोष्ट अशीच आहे. इंग्रजी-मराठी कोश पाहावा तर दोहोंपुढें बहुधा 'म्हण' हाच प्रतिशब्द. आणि इंग्रजी-इंग्रजी कोश पाहावा तर पहिल्याचा अर्थ दुसरा व दुसऱ्याचा अर्थ पहिला! जिज्ञासु वाचकाची अवस्था दोन कचेऱ्यांच्या मध्यें हेलपाटे घालणाऱ्या अर्जदारासारखी होते. हे शब्द सर्वस्वीं एकार्थक असते तर जवळ जवळ पांच शतकें इंग्रजांनीं त्यांपैकीं एकाचें ओझें फुकट कां वाहिलें असतें, हा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. वरवर पाहतां हा प्रश्न परक्या भाषेचा व किरकोळ दिसेल. परंतु दोहोंस सरसकट 'म्हण' म्हणण्याच्या संवयीमुळें आपण आपल्या म्हणींकडेहि चुकीच्या दृष्टीनें पाहूं लागलों आहों, अशी आमची समजूत झाल्यामुळें हा लेखप्रपंच करणें आम्हांस अवश्य वाटलें.

भेद सांगणारे लोक सामान्यतः वयाचा भेद सांगतात. ॲडेज म्हणजे फार जुनें, प्राचीनांपासून चालत आलेलें वचन. प्रॉव्हर्ब नवी असो वा जुनी, लोकांच्या तोंडीं असली म्हणजे झालें. डॉक्टर जॉन्सन याच्या १७५५ सालच्या कोशांत हें मत स्पष्ट दिसतें. ॲडेजचा अर्थ देतांना तो प्राचीन काळापासून हस्तांतरित होत आलेला सिद्धांत असें सांगतो. प्रॉव्हर्बचा अर्थ देतांना लोक वारंवार उच्चारतात असें लहानसें वाक्य, असें सांगतो. पहिल्या व्याख्येंत काळ आहे, दुसरींत लोक आहेत. म्हणजे भेदाचें सूत्र त्या कुशाग्र पुरुषाच्या हातीं आलें होतें. परंतु लगेच पहिल्या व्याख्येच्या शेवटीं 'प्रॉव्हर्ब' व दुसरीच्या शेवटीं 'ॲडेज' असे शब्द जोडून त्यानें तें सूत्र आपल्याच हातानें सोडून दिलें!

पण ही वयाची कसोटी तरी टिकते काय? एका पाकोळीनें कांहीं उन्हाळा होत नाहीं, ही इंग्रजी म्हण ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रांत आढळते. म्हणजे तिचें वय तेवीसशें वर्षांहून कमी नाहीं. तरी तिला आज कोणीहि इंग्रज निःशंकपणें प्रॉव्हर्ब म्हणतो. उलट, हातीं जितका वेळ असेल तितकें काम पसरत जातें, हा पार्किन्सनचा सुप्रसिद्ध नियम 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकांत १९५५ सालीं प्रथम छापला गेला. आणि त्याला मात्र इंग्रजी लेखक खुशाल ॲडेज म्हणतात. जें बिघडण्यासारखें असेल तें बिघडल्यावांचून राहत नाहीं, हा मर्फीच्या नांवावर चालणारा नियमहि ॲडेजच म्हणवला जातो. या दोघांस प्रॉव्हर्ब म्हटलेलें आमच्या तरी वाचनांत नाहीं. तेव्हां जें पणजोबा तें प्रॉव्हर्ब आणि जें पणतू तें ॲडेज, असा उलटाच प्रकार येथें दिसतो. भेद आहे यांत संशय नाहीं. पण तो वयाचा नव्हे.

व्युत्पत्तीकडे वळावें तर तीहि फारशी मदत करीत नाहीं. प्रॉव्हर्बच्या पोटांत लॅटिन 'व्हर्बम्' म्हणजे शब्द आहे, ॲडेजच्या पोटांत 'मी म्हणतों' या अर्थाचा लॅटिन धातु आहे, आणि आपली म्हण तर उघडच म्हणण्यापासून झालेली. तिघी एकाच माहेरच्या. फेस्टस नांवाच्या प्राचीन लॅटिन कोशकारानें ॲडेजच्या मूळ शब्दाची फोड 'कृतीस योग्य तें' अशी केली आहे. ती चुकीची आहे हें आज सर्वमान्य आहे. गंमत एवढीच कीं, पुढें आम्हीं जें दाखविणार आहों त्याच्या ती नेमकी उलट आहे.

खरा भेद या शब्दांच्या जन्मकथेंत आहे. प्रॉव्हर्ब हा शब्द इंग्रजींत फ्रेंचमधून आला, आणि चौदाव्या शतकांत चॉसरच्या लिहिण्यांत तो घरच्यासारखा वावरतांना दिसतो. ॲडेज मात्र सोळाव्या शतकांत, विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या लाटेबरोबर, ग्रंथांच्या पेटींतून आला. ती पेटी म्हणजे इरॅस्मसचा ॲडेजसंग्रह होय. १५०० सालीं पॅरिस येथें निघालेल्या पहिल्या आवृत्तींत ग्रीक व लॅटिन ग्रंथांतून वेंचलेलीं आठशेंच्या वर वचनें होतीं. १५०८ सालीं व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशिअसनें छापलेल्या आवृत्तींत ती संख्या तीन हजारांवर गेली. आणि १५३६ सालीं इरॅस्मस मरण पावला तेव्हां ती चार हजारांवर पोहोंचली होती. प्रत्येक वचनाखालीं तें कोणत्या ग्रंथकारानें कोठें वापरलें, त्याचा अर्थ काय व तें कोठें योजावें, याचें विवरण आहे. कांहीं ठिकाणीं तर विवरणाचा निबंधच झाला आहे. ज्यांनीं युद्ध भोगलें नाहीं त्यांनाच तें गोड लागतें, या वचनाखालीं १५१५ च्या आवृत्तींत इरॅस्मसनें युद्धाचा जो निषेध केला आहे, तो युरोपच्या शांततावादी वाङ्मयांत चिरस्थायी झाला. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. या संग्रहांतील पुष्कळ वचनें पूर्ण वाक्येंच नव्हत. नक्राश्रू, हर्क्युलिसचीं कष्टकर्में, अशीं तीं नुसतीं पदें आहेत. म्हणजे ॲडेज या शब्दाचा मूळ अर्थ लोकांचें वाक्य असा नसून, जाणत्यांनीं जाणत्यांस ग्रंथांतून केलेली खूण असा होता.

आतां इंग्लंडांतील दोन पुस्तकें शेजारीं ठेवून पाहावीं. १५३९ सालीं रिचर्ड टॅव्हर्नर यानें इरॅस्मसच्या संग्रहांतील निवडक वचनें इंग्रजींत आणलीं आणि पुस्तकाच्या नांवांतच 'प्रॉव्हर्ब्स ऑर ॲडेजेस' असे दोन्ही शब्द विकल्पानें घातले. नवा पाहुणा आला म्हणजे घरच्या माणसानें त्याची ओळख करून द्यावी तसा हा 'किंवा' होता; पुढच्या सर्व घोटाळ्याचें बीज या एका अव्ययांत आहे असें आम्हांस वाटतें. टॅव्हर्नरच्या पुस्तकांत लॅटिन वचन, त्याचें इंग्रजी, मग स्पष्टीकरण, असा क्रम आहे. बोलणारा कोणी नाहीं, ऐकणारा कोणी नाहीं. वाचणारा तेवढा आहे.

सातच वर्षांनीं, १५४६ सालीं, जॉन हेवुड यानें इंग्रजी भाषेंतील म्हणींचा एक पद्यमय संवाद प्रसिद्ध केला. एक तरुण लग्नाच्या पेंचांत सांपडला आहे. तरुण पण निर्धन मुलगी करावी कीं वयस्क पण धनवान विधवा करावी, हें त्याला उमगत नाहीं. तो सल्ला विचारावयास येतो, आणि त्याला दोन जोडप्यांच्या संसाराची कथा ऐकविली जाते. या कथेंत नवराबायको भांडतात, नातलग मध्यें पडतात, आत्या टोमणे मारते, आणि सर्व भांडण म्हणींनीं चालतें. हेवुडनें एकाहि म्हणीखालीं अर्थ दिलेला नाहीं; देण्याची गरजच नाहीं. कोणी कोणास कां ऐकविली हें डोळ्यांपुढें असलें म्हणजे अर्थ आपोआप कळतो. काव्य या दृष्टीनें हेवुडचें पुस्तक रटाळच आहे, हें कबूल केलें पाहिजे. पण प्रॉव्हर्ब म्हणजे काय तें जितकें त्यावरून कळतें तितकें व्याख्यांच्या ढिगावरून कळत नाहीं.

हेवुडच्या याच पुस्तकांत एक मांजर आहे. मांजराला मासा हवा, पण पाय भिजावयास नकोत, अशी ती म्हण. आणि ती समोरच्या माणसास, काम न करतां फळ मागणाऱ्यास, तोंडावर ऐकविलेली आहे. पुढें साठ वर्षांच्या सुमारास हेंच मांजर शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकांत आढळतें. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशांत राजवधाच्या बेतापासून मॅक्बेथ कचरूं लागतो, तेव्हां त्याची पत्नी त्याला या मांजराची उपमा देते. परंतु ती मासाहि बोलत नाहीं आणि पायहि बोलत नाहीं. 'ॲडेजमधलें तें गरीब बिचारें मांजर' एवढीच खूण ती करते, आणि नवऱ्यानें बाकीचें ओळखावें अशी तिची अपेक्षा आहे.

येथें कोणी आम्हांस अडवील कीं, लेडी मॅक्बेथहि नवऱ्यास तोंडावरच टोंचते आहे. मग हेवुडच्या मांजरांत व या मांजरांत भेद तो कोणता? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उत्तर शोधतांनाच आमच्या मतें सर्व प्रश्नाचा उलगडा होतो. वचन एकच आहे. भेद वचनांत नाहीं, तें वापरण्याच्या रीतींत आहे. हेवुडचा माणूस म्हण म्हणतो. लेडी मॅक्बेथ म्हणीचा उल्लेख करते. पहिल्या प्रकारांत म्हणणाऱ्याची म्हणच बोलते. तो तिच्या आड उभा असतो. दुसऱ्या प्रकारांत म्हणणारी वचनापासून हातभर दूर उभी राहून त्याकडे बोट दाखविते. तिचा टोमणा टोमणाच आहे, पण त्याला पुस्तकाची बांधणी आहे. आणि राजवधासारख्या भयंकर प्रसंगीं स्वयंपाकघरांतलें पूर्ण वाक्य तोंडांतून काढण्यापेक्षां ही आडवाट त्या मानी स्त्रीस अधिक शोभते. नाटककाराचा कान येथें कोशकारांच्या कानापेक्षां तिखट आहे. तेव्हां प्रॉव्हर्ब आणि ॲडेज हीं वचनांच्या दोन जातींचीं नांवें नसून, वचन वापरण्याच्या दोन रीतींचीं नांवें आहेत. प्रॉव्हर्ब समोरच्यास लावावयाची असते. ॲडेज साक्षीस बोलवावयाचें असतें. पार्किन्सनच्या नियमास कोणी प्रॉव्हर्ब कां म्हणत नाहीं तें आतां कळेल. तो नेहमीं कर्त्याच्या नांवासकट सांगितला जातो. त्याचा उल्लेख होतो, तो कोणी कोणास मारीत नाहीं.

या भेदापासून आणखी एक भेद निघतो. ज्याची साक्ष काढावयाची त्याचा जबाब ठरलेला असावा लागतो; म्हणून ॲडेजाचा अर्थ त्याच्या विवरणानें बांधलेला असतो, आणि त्यांत चूक शिरली तरी ती विद्वानांचीच चूक असून ग्रंथाबरोबरच चालते. पँडोराच्या ग्रीक कथेंत रांजण आहे. इरॅस्मसनें आपल्या संग्रहांत ती कथा सांगतांना रांजणाची पेटी केली, आणि आज सारा युरोप पेटीच म्हणतो. प्रॉव्हर्बचें असें नाहीं. गडगडत्या धोंड्यास शेवाळ धरत नाहीं, हें वचन इरॅस्मसच्या संग्रहांत आहे आणि हेवुडच्या संवादांतहि आहे. पुस्तकांत त्याचा अर्थ एकच: सारखी जागा बदलणाऱ्याच्या गांठीस कांहीं राहत नाहीं. पण लोकांच्या तोंडीं पडल्यावर त्याचे दोन अर्थ झाले. शेवाळ म्हणजे संचय मानणारा भटक्याची निंदा करण्यास ती म्हण वापरतो. शेवाळ म्हणजे गंज मानणारा तीच म्हण भटक्याच्या स्तुतीस लावतो. दोघेहि बरोबर. जिचा अर्थ बोलणाऱ्याच्या हातीं आहे तीच प्रॉव्हर्ब.

अठराव्या शतकांत इंग्लंडांत प्रॉव्हर्बची प्रतिष्ठा उतरली. लॉर्ड चेस्टरफील्ड याचीं मुलास लिहिलेलीं पत्रें १७७४ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत सभ्य गृहस्थानें बोलतांना म्हणींचा आश्रय करूं नये, असा त्याचा उपदेश आहे. आम्हांस वाटतें, ॲडेज या शब्दास यामुळें थोडें वजन आलें असावें. ज्याला म्हण वापरावयाची आहे पण हलकें दिसावयाचें नाहीं, त्याला हा लॅटिन अंगरखा सोयीचा. आजहि 'ओल्ड ॲडेज' म्हणजे 'जुनें ॲडेज' असें म्हणणारास शुद्धिवादी लोक द्विरुक्तीचा दोष देतात. आम्हांस हा दोष मान्य नाहीं. पार्किन्सनसारखीं कालचीं वचनेंहि ज्या नांवानें ओळखलीं जातात, तेथें जुन्यास जुनें म्हणण्यांत द्विरुक्ति कसली?

असो. आतां आपल्या घराकडे वळूं. ॲडेज या कल्पनेशीं जुळणारी वस्तु आपल्याकडे नाहीं असें मुळींच नाहीं. ती 'न्याय' या नांवानें संस्कृत शास्त्रग्रंथांत आहे. काकतालीय, घुणाक्षर, अंधपरंपरा हीं पूर्ण वाक्यें नव्हत, खुणा आहेत. शास्त्री नुसता शब्द उच्चारतो आणि कावळा बसावयास व ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली ही कथा ऐकणाऱ्यानें मनांत भरून घ्यावयाची असते. लेडी मॅक्बेथची रीत ती हीच. कर्नल जेकब यानें असे न्याय जमवून 'लौकिकन्यायाञ्जलि' या नांवानें १९०० सालापासून तीन भागांत मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून प्रसिद्ध केले, आणि इंग्रजी नांवांत त्यांस 'मॅक्झिम' म्हटलें. मॅक्झिम म्हणजे आचरणाचा नियम. घुणाक्षरांत आचरणाचा नियम कोणता? ॲडेज हाच शब्द तेथें योग्य झाला असता.

न्याय आणि म्हण यांचा संबंध पाहावयाचा तर भाताच्या हंडीइतकें दुसरें उत्तम ठिकाण नाहीं. एक शीत दाबून पाहिलें म्हणजे सर्व भात शिजला कीं नाहीं हें समजतें. शास्त्रांत याचें नांव स्थालीपुलाकन्याय, आणि घरांत 'शितावरून भाताची परीक्षा'. पदार्थ एक, आशय एक. परंतु स्थालीपुलाकन्यायानें अनुमान करणारा मीमांसक कोणाच्या जिव्हारीं लागत नाहीं. आणि एखाद्या मुलाचा उद्धटपणा पाहून कोणी बाई त्याच्या आईच्या देखत 'शितावरून भाताची परीक्षा' असें पुटपुटली, तर दोन घरांतील येणेंजाणें बंद होऊं शकतें.

दुसरें उदाहरण डोंगरांचें. तीन गोष्टी दुरूनच रमणीय, असें सांगणाऱ्या एका संस्कृत सुभाषितांत डोंगर आहेत आणि युद्धाची वार्ताहि आहे. म्हणजे इरॅस्मसनें ज्या वचनावर निबंध रचला त्याचाच सगा हा. मराठी म्हणीनें मात्र त्यांतील युद्ध टाकून दिलें, डोंगर तेवढा ठेवला, 'रम्य' काढून 'साजरे' घातलें आणि 'दुरून डोंगर साजरे' एवढेंच म्हटलें. सुभाषितास तीन दृष्टांत मोजून दाखवावयाचे होते. म्हणीस एकच हवा होता, कारण दुसरा पक्ष समोर बसलेला असतो. स्थळ आलें, घराणें मोठें, म्हणून हुरळून गेलेला बाप; त्याला सुभाषित ऐकवून काय उपयोग?

म्हणीचें हें समोर कोणी असण्याचें लक्षण आमच्या लोकांस पुरतें ठाऊक होतें. कारण त्यावरच त्यांनीं एक म्हण केली आहे. 'लेकी बोले सुने लागे.' बोलावयाचें एकीस आणि लागावयाचें दुसरीस! अशी तिरपी नेमबाजी म्हणीवांचून दुसऱ्या कशानें साधत नाहीं, आणि ॲडेजाच्या तर ती स्वप्नांतहि येणार नाहीं.

दोहोंस एकच नांव दिल्यानें नुकसान होतें तें येथें. शाळेच्या पुस्तकांत इंग्रजी व मराठी म्हणींच्या जोड्या दोन रकान्यांत समोरासमोर छापलेल्या असतात. वाईट कारागीर आपल्या हत्यारांना नांवें ठेवतो, या अर्थाची इंग्रजी म्हण एकीकडे आणि 'नाचतां येईना अंगण वांकडें' ही दुसरीकडे. आशय जुळला म्हणून मुलानें पांच गुण मिळवावे हें ठीक. पण मराठी म्हणीची घडण पाहा. 'नाचतां येईना' हा पाहणाऱ्याचा निवाडा आहे. 'अंगण वांकडें' हे नाचणारणीचे स्वतःचे शब्द आहेत, तिच्याच सुरांत उच्चारलेले. मध्यें 'असें म्हणते' हें क्रियापदसुद्धां नाहीं. चार शब्दांत दोन माणसें बोलतात आणि एकीची नक्कल होते. इंग्रजी वाक्य कारागीर या जातीविषयीं एक सामान्य विधान करतें. नक्कल त्यांत नाहीं. रकान्यांत बसविल्यावर आमच्या म्हणीचेंहि विधान होतें, आणि नक्कल करणारा आवाज बंद पडतो. मुलें म्हणीचा अर्थ पाठ करतात; ती कोणास कशी लावावी हें त्यांस कळत नाहीं. पुष्कळांच्या निबंधांत म्हणी शेवटीं शिक्क्यासारख्या उमटविलेल्या दिसतात, त्याचें कारण हेंच असावें.

संग्रहकारांसहि आमचें हेंच सांगणें आहे. रेव्हरंड मॅनवेअरिंग यानें १८९९ सालीं ऑक्सफर्ड येथें मराठी म्हणींचा इंग्रजी अनुवादासह संग्रह छापला व त्यास 'प्रॉव्हर्ब्स' हेंच नांव दिलें, तें योग्यच केलें. दाते व कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'चे १९४२ व १९४७ सालचे दोन भाग म्हणजे तर अभ्यासकांची खाण आहे. तथापि कोशाची रीत ती इरॅस्मसचीच: वचन आणि विवरण. विद्येस ती अवश्य आहे. पण हेवुडची रीतहि कोणीतरी चालवावयास हवी होती. म्हण कोणीं, कोणास, कोणत्या कामांत ऐकविली, येवढी एक ओळ प्रत्येक म्हणीपुढें मिळत गेली असती, तर दळतांना, पेरतांना, बाजारांत आणि माजघरांत म्हणी काय काम करीत होत्या हें आज आपणांस ऐकूं आलें असतें. जातें गेलें, त्याच्याबरोबर त्यांपैकीं कित्येकींचा प्रसंगहि गेला. कोशांत शब्द तेवढे राहिले.

प्रतिशब्दांच्या बाबतींत एका जुन्या निवडीची स्तुति केली पाहिजे. बायबलांतील जो ग्रंथ इंग्रजींत 'प्रॉव्हर्ब्स' म्हणून प्रसिद्ध आहे, त्यास मराठी भाषांतरांत 'नीतिसूत्रें' हें नांव आहे. इंग्रजी नांव लॅटिन बायबलावरून चालत आलें; आंत पाहावें तर बहुतेक भाग पित्यानें पुत्रास केलेल्या उपदेशाचा व राजाच्या नांवावरील वचनांचा आहे. भाषांतरकारांनीं कोशांतील 'म्हणी' हा तयार शब्द उचलला नाहीं, आंत काय आहे तें पाहिलें.

ॲडेजच्या बाबतींतहि तसेंच व्हावें. पुढें जो कोणी इंग्रजी-मराठी कोश करील त्यानें 'म्हण' हा शब्द प्रॉव्हर्बकडे राखून ठेवावा. ॲडेजपुढें 'न्याय' घालावा, आणि पूर्ण वाक्य असेल तेथें 'आभाणक', कारण लोकप्रसिद्ध वचनाची साक्ष काढतांना संस्कृत टीकाकार हाच शब्द योजतात. उदाहरणादाखल मॅक्बेथमधील तें मांजर द्यावें. म्हणजे 'मार्जारमत्स्यन्याय' असा एक नवा न्याय आमच्या शास्त्रीमंडळींस आयताच मिळेल.